टिटवीचे पाय

बाळांनो, आधीच सांगून ठेवतो. ही गोष्ट मला नीट आठवते की नाही, याची मला खात्री नाही. लहानपणी ऐकली तेव्हा तीत एक ससा होता असं वाटतं. आता सांगायला बसलो तर ससा सापडत नाही. कदाचित मधल्या काळात तो खाल्ला गेला असेल. शिवाय ते जंगल होतं की एखादं मोठं कार्यालय, याबद्दलही मनात थोडा गोंधळ आहे. झाडं होती, एवढं मात्र पक्कं आठवतं. तेव्हा जंगलच म्हणू.

तर एका जंगलात एक पाणवठा होता. पाणवठ्याच्या काठावर एक टिटवी राहायची. तिला जंगलानं एक काम दिलं होतं. काम सोपं होतं. वाघ आला की ओरडायचं.

पगार नव्हता. शिव्या मात्र वेळेवर मिळायच्या. टिटवी ओरडली की कुणाचं तरी वाईट होतं, अशी जंगलात समजूत होती. ती ओरडते म्हणून वाघ येतो, असं काही जाणत्या प्राण्यांचं ठाम मत होतं. वाघ येतो म्हणून ती ओरडते, ही शक्यता कुणी तपासली नव्हती. तपासायला जागेवर थांबावं लागतं. आणि जागेवर थांबलेला प्राणी पुढे आपलं मत सांगायला येत नसे.

टिटवीचं घर कामाच्या जागेलाच लागून होतं. घर म्हणजे काय, उघड्यावर थोडे खडे आणि त्यांत खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी. भिंत नाही, छप्पर नाही. दुपारी ऊन तापलं की ती पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवायची आणि धावत येऊन अंड्यांवर बसायची. अंडी गार व्हायची. तिची छाती मात्र धडधडतच असायची. कोल्हा आला तर? साप आला तर? कुणी न बघता खूर ठेवला तर?

टिटवा, म्हणजे तिचा नवरा, स्वभावानं फार शांत होता. घरातली सगळी काळजी दुसऱ्यानं करायची, असं एकदा ठरलं की कुणीही शांत होतं.

पाणवठ्यावर रोज एक चितळीण यायची. तिच्याबरोबर तिचं पाडस असायचं. त्याचे पाय अजून एकमेकांशी भांडत होते.

"तू असलीस ना टिटवीताई, म्हणजे मला मान खाली घालून पाणी पिता येतं," चितळीण म्हणायची. "नाहीतर एक घोट, एक नजर, एक घोट, एक नजर. तहान भागायच्या आधी मान दुखते बाई."

"पी गं तू निवांत," टिटवी म्हणायची. "मी आहे घाबरायला."

असं त्यांचं चाललं होतं. चांगलं चाललं होतं असं मी म्हणत नाही. पण दोघी जिवंत होत्या.

जंगलाचा राजा अर्थातच वाघ होता. तो दिवसेंदिवस रोड होत चालला होता. एके दिवशी त्यानं आपल्या दिवाणजींना, म्हणजे कोल्ह्याला, बोलावलं.

"दिवाणजी, मी पाणवठ्यावर गेलो की प्रजा पळून जाते. हे काय आहे?"

"महाराज, प्रजेत ताणतणाव फार वाढलाय."

"माझ्यामुळे?"

कोल्ह्यानं दोन्ही कानांना पंजे लावले. "शिव शिव! महाराज, आपण तर पिढ्यान्‌पिढ्या आहात. आपल्यामुळे असता तर प्रजेला एव्हाना सवय नसती का झाली? हे सगळं त्या टिटवीमुळे. सारखी किंचाळते. वातावरण बिघडवते."

"मग खाऊन टाकू तिला?"

"नको महाराज. ते दिसायला बरं दिसत नाही. आणि तिच्यात खाण्यासारखं आहे तरी काय? आपण तिला बरं करू."

वाघाला ही कल्पना आवडली. बरं करायला दात लागत नव्हते.

मग शहरातल्या एका देवळाच्या तळ्यातून कासव बोलावण्यात आलं. त्याचं नाव कूर्मानंदस्वामी. देवळात शिरताना लोक आधी दगडी कासवाच्या पाया पडतात आणि मग देवाच्या. स्वामी म्हणायचे, तो आमचा थोरला भाऊ. स्वामींचं सगळं आयुष्य भाविकांनी टाकलेले कुरमुरे खाण्यात गेलं होतं. पाठीवर ढाल होती. त्यामुळे त्यांना चिंता अशी कधी शिवलीच नव्हती. चिंतेवर बोलायला ह्याहून योग्य प्राणी मिळणं कठीण होतं.

पाणवठ्यावर शिबिर भरलं. सगळ्यांनी यायचं, असा हुकूम होता. न येणाऱ्यांना ताण आहे असं समजण्यात येईल, असंही कोल्ह्यानं जाहीर केलं होतं. त्यामुळे सगळे धापा टाकत आले.

"पहिली पायरी, ताण ओळखणं," स्वामी सावकाश म्हणाले. ते सगळंच सावकाश म्हणत. "कुणाकुणाची छाती धडधडते?"

सगळ्यांनी पाय वर केले.

"खाता खाता मध्येच मान वर करून कोण बघतं? पान पडलं तरी कुणाचे कान टवकारतात? घरी गेल्यावरही पिल्लांची काळजी कुणाला सुटत नाही?"

पाय खाली आलेच नाहीत.

"अरेरे," स्वामी म्हणाले. "अख्खं जंगल आजारी आहे."

एक रानडुक्कर मागे चिखलात बसलं होतं. ते म्हणालं, "ओ स्वामी, आजार कसला? आमच्या बापाचं बी असंच होतं. आज्याचं बी. जे असं न्हवतं, त्यांचा वंश हितं कुणाला दिसतोय का, बघा की."

थोडे हसले. कोल्ह्यानं डुकराकडे बघितलं. हसणं थांबलं.

"वाघ ही बाहेरची गोष्ट आहे," स्वामी पुढे म्हणाले. "बाहेरच्या गोष्टी आपल्या हातात नसतात. मग आपल्या हातात काय असतं?"

"पाय," चितळीण म्हणाली. "पळायला."

"आपल्या हातात असतं आपलं मन! म्हणून बाहेर बघू नका. आत वळा. मी कसा वळतो, बघा." आणि स्वामींनी डोकं आत घेतलं, पाय आत घेतले. क्षणात त्यांचा धोंडा झाला. प्राण्यांनी फार कौतुक केलं.

"पण स्वामी," टिटवी भीत भीत म्हणाली, "आम्ही आत वळलो तर बाहेर कोण बघणार?"

धोंड्यातून आवाज आला, "हीच ती का?"

"हीच ती," कोल्हा म्हणाला.

टिटवीला वेगळं बसवण्यात आलं. स्वामींनी तिला मायेनं विचारलं, "बाळ, झोप लागते का?"

"लागते आणि उडते."

"पाय वर करून झोपतेस ना?"

"मी?"

"आभाळ पडेल म्हणून. पडलंच तर पायांवर झेलता यावं, म्हणून. सगळं जंगल म्हणतं."

टिटवी गोंधळली. वाघाचा, कोल्ह्याचा, सापाचा, उन्हाचा, खुरांचा विचार ती रोज करायची. आभाळापर्यंत पोचायला तिला कधी सवडच झाली नव्हती.

"नाही हो स्वामी. मी तशी नाही झोपत."

"झोपेत आपण काय करतो, ते आपल्याला कळतं का?"

"नाही."

"मग नाही कशावरून म्हणतेस? नाकारणं हेच तर मोठं लक्षण आहे. तुझी खात्री आहे?"

बाळांनो, विचार करणाऱ्या प्राण्याला हरवायला फार कष्ट लागत नाहीत. त्याला एवढंच विचारायचं, "तुझी खात्री आहे?" मूर्ख प्राणी लगेच हो म्हणतो आणि निघून जातो. विचार करणारा तिथेच बसून राहतो. टिटवी बसून राहिली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, मी पाय वर करून झोपते का?"

"मला काय माहीत? मी तुझ्याआधी झोपतो आणि तुझ्यानंतर उठतो."

"मध्ये कधी जाग आली असेल ना?"

"मध्ये जाग कशाला येईल? तू जागी असतेस ना."

टिटवी आपल्या पायांकडे बघत राहिली. तेव्हा तिला बरं वाटावं म्हणून टिटवा म्हणाला, "अगं, सगळं जंगल म्हणतं तर झोपत असशील. सगळं जंगल खोटं बोलेल का? आणि बरी होतेयस तर हो की बरी. मलाही जरा शांतता मिळेल."

स्वामींनी उपचार सांगितला. पाय खाली ठेवून झोपायचं, बस्स. टिटवी तशी झोपली. झोपली म्हणजे पाय खालीच आहेत ना, हे बघत पडून राहिली. सकाळी सगळं जंगल जमलं.

"आभाळ कुठे आहे?" स्वामींनी विचारलं.

सगळ्यांनी वर बघितलं. "वर!"

"पडलं का?"

"नाही!"

जयजयकार झाला. टिटवीचा सत्कार झाला. शालीच्या जागी केळीचं पान पांघरण्यात आलं. नारळ जंगलात मिळेना, म्हणून कवठ देण्यात आलं. ते तिला उचलेना, म्हणून कोल्ह्यानं परत घेतलं.

"बाळ," स्वामी म्हणाले, "जन्मभर जिची काळजी केलीस ती गोष्ट घडलीच नाही. आता मला सांग, तुझ्या बाकीच्या काळज्या तरी कशाच्या बनलेल्या असतील?"

टिटवीनं विचार केला. एक भीती खोटी निघाली होती. सगळ्यांसमोर निघाली होती. तीही आपलीच, आणि बाकीच्याही आपल्याच. एकाच घरातल्या. एक चोर निघाली तर बाकीच्यांवर कुणी भरवसा ठेवावा?

"यापुढे ओरडावंसं वाटलं की आधी स्वतःला विचार," स्वामी म्हणाले. "गवत हललं, की माझं मन हललं? मग डोळे मिट. लांब श्वास घे. उत्तर आपोआप येईल."

उत्तर दोन दिवसांतच आलं.

दुपारची वेळ होती. टिटवी भिजल्या पोटानं अंड्यांवर बसली होती. चितळीण पाडसाला घेऊन आली.

"आहेस ना गं ताई?"

"आहे."

चितळिणीनं मान खाली घातली. पाडस बाजूला चिखलात पाय मोजत होतं.

पलीकडचं गवत हललं. वारा नव्हता. टिटवीच्या गळ्यात ओरडा आला. अगदी चोचीपर्यंत आला. मग तिला सत्कार आठवला. गवत हललं, की माझं मन हललं? तिनं डोळे मिटले. लांब श्वास घेतला. श्वास फार चांगला होता. इतका चांगला श्वास तिनं त्या पाणवठ्यावर कधी घेतला नव्हता.

डोळे उघडले तेव्हा चितळीण नव्हती. पाणी गढूळ होतं आणि पाडस एकटंच उभं होतं. काठावर एक धोंडा होता. तो थोड्या वेळानं सावकाश चालू लागला.

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. स्वामी बोलले. "चितळीणबाई गेल्या. पण कशा गेल्या, ते बघा. शेवटच्या क्षणापर्यंत त्यांनी मान वर केली नाही. चेहऱ्यावर ताणाची रेषा नव्हती. इतकी शांतता मी तपस्व्यांतही पाहिली नाही."

प्राण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

"स्वामी," टिटवी म्हणाली, "त्या वेळी तुम्ही कुठे होता?"

"आत," स्वामी म्हणाले.

त्या दिवसापासून टिटवी पुन्हा ओरडू लागली. पान हललं तरी ओरडायची. काडी मोडली तरी ओरडायची. आणि सगळे तिच्याकडे कीव येऊन बघायचे. "पुन्हा सुरू झालं बिचारीचं."

कोल्हा मोठा व्यवहारी. त्यानं टिटवीला गप्प केलं नाही. त्यानं दवंडी पिटवली. "टिटवीची ओरड ही बाहेरची गोष्ट आहे. ती ऐकू आली की घाबरून पळू नये. तिचा उपयोग करून घ्यावा. ओरड ऐकताच सर्वांनी जागच्या जागी थांबावं, डोळे मिटावेत आणि लांब श्वास घ्यावा."

प्राण्यांना हे फार पटलं. इतकी वर्षं फुकट गेलेली ओरड आता कामाला येणार होती. टिटवी ओरडली की पाणवठ्यावर सगळे ओळीनं डोळे मिटून उभे राहायचे. वाघाला घाई करावी लागेना. तो निवडून घेऊ लागला. महाराजांच्या चेहऱ्यावर तेज आलं. पोट जरा सुटलं. "प्रजा सुखी तर राजा सुखी," असं ते जांभई देत म्हणायचे.

रानडुकराचं कुटुंब मात्र एक दिवस कुणाला न सांगता निघून गेलं. त्यांना ताण झेपला नाही, असं सांगण्यात आलं.

आता टिटवीची पंचाईत झाली. गप्प बसावं तर प्राणी निवांत पाणी पितात. ओरडावं तर डोळे मिटतात. तिला दिलेलं काम तिच्याकडेच होतं. फक्त ते आता वाघासाठी चाललं होतं.

"सोड ना," टिटवा म्हणाला. "आपली अंडी बघ. लोकांच्या पोरांची काळजी करायला तुला कुणी सांगितलंय?"

"तिनं सांगितलं होतं," टिटवी म्हणाली. "रोज सांगायची. मान खाली घालून."

चितळिणीचं पाडस आता एकटंच पाण्यावर यायचं. एक घोट, एक नजर, एक घोट, एक नजर. आईनं शिकवलं होतं तसं. पण त्याचीही शिबिरात भरती झाली. हळूहळू नजर गेली आणि नुसते घोट राहिले. कोल्ह्यानं त्याचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. "आईवर गेलंय," तो म्हणाला.

मग एका दुपारी पलीकडचं गवत पुन्हा हललं. वारा नव्हता.

टिटवीच्या गळ्यात ओरडा आला. तो तिनं गिळला. गवत हललं की मन हललं, हे तिनं विचारलं नाही. खात्री आहे का, हेही विचारलं नाही. खात्री नव्हतीच. ती तशीच उडाली, दगडासारखी खाली आली आणि तिनं पाडसाच्या पाठीत चोच मारली. जोरात मारली. पुन्हा मारली.

पाडस किंचाळलं, उधळलं आणि झाडीत गेलं.

त्याच क्षणी पाडसाच्या जागी महाराज येऊन पडले. म्हणजे पाण्यात पडले. चिखल पार जांभळीच्या शेंड्यापर्यंत उडाला.

सगळ्या प्राण्यांनी हे उघड्या डोळ्यांनी बघितलं, कारण टिटवी ओरडलीच नव्हती. आणि त्यांना दिसलं ते असं: एका आई नसलेल्या लेकराला टिटवीनं रक्त येईपर्यंत टोचलं. त्याच सुमाराला महाराज आंघोळीला आले.

चौकशी झाली. कोल्ह्यानं विचारलं, "तू पाडसाला चोच मारलीस?"

"मारली."

"का?"

"वाघ आला होता."

"महाराज आंघोळीला आले होते."

"त्याच्या अंगावर?"

कूर्मानंदांनी सुस्कारा टाकला. "आधी आभाळ," ते म्हणाले. "आता वाघ."

टिटवीला पाणवठ्यावरून काढून टाकण्यात आलं. लहान मुलांना तिच्यापासून धोका आहे, असा निकाल लागला. सुदैवानं त्याच सकाळी अंडी फुटली होती. टिटवीची पिल्लं पहिल्याच दिवशी चालू लागतात. बिनभिंतीच्या घरात जन्मलेल्यांना ते जमवावंच लागतं. टिटवी, टिटवा आणि पिल्लं रांगेनं माळाकडे निघाली. टिटवा वाटभर म्हणत होता, "मी तरी तुला सांगत होतो." काय सांगत होता, ते त्यालाही आठवत नव्हतं.

माळावर एक लहानसं डबकं होतं. तिथे सावली नव्हती आणि शिबिरही नव्हतं. पलीकडच्या काठावर रानडुकराचं कुटुंब लोळत होतं.

संध्याकाळी झाडीतून पाडस बाहेर आलं. पाठीवर दोन जखमा होत्या. ते लांबच उभं राहिलं. मग एक पाऊल पुढे आलं.

"टिटवीमावशी," ते म्हणालं, "इथे मान खाली घातली तर चालेल?"

टिटवीनं चहूकडे बघितलं. तिची छाती धडधडत होती.

"घाल रे," ती म्हणाली. "मी आहे घाबरायला."

गोष्ट इथेच संपत होती, असं वाटतं. पण एक गोष्ट मला लहानपणापासून खात होती. टिटवी खरंच पाय वर करून झोपते का? सगळे तसंच म्हणत. आमच्या घरी म्हणत, शाळेत म्हणत. पुढे पुष्कळ शिकलो, तरी विचारायचं धाडस झालं नाही. इतकं साधं विचारलं तर लोक काय म्हणतील, असं वाटायचं. कितीतरी वर्षांनी, माळरानावरचे पक्षी बघण्यात हयात घालवलेल्या एका बाईंची गाठ पडली. त्यांना विचारलं. त्या हसल्या. मी पुन्हा विचारलं. मग उगाच शंका नको, म्हणून त्यांच्याच तोडीच्या दुसऱ्या एका गृहस्थांनाही विचारलं. दोघांचं उत्तर एकच आलं. टिटवी पाय वर करून झोपत नाही. ती इतर पक्ष्यांसारखीच पाय खाली ठेवून झोपते. कायम तशीच झोपत आली आहे.

तात्पर्य : बाळांनो, मोठेपणी तुम्ही वाघ झालात, किंवा निदान वाघाचे दिवाणजी झालात, तर एवढं लक्षात ठेवा. ज्याची खरी भीती तुमच्या आड येत असेल, त्याला आधी एक खोटी भीती द्यावी, आणि मग सगळ्यांसमोर ती बरी करून दाखवावी.